चाकाची आगबोट आणि तिची प्रतिकृती



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. ती साहजिकच होती. तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे. पण वाफेवर चालणारी जुनी चाकाची आगबोट आणि तिची प्रतिकृती, असा विषय मी सांगितला, तेव्हा लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. "यात संघटनेचे काय आले?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "यायचे असेल ते आपोआप येईल. नाही आले तर तासभर लोकांची करमणूक होईल."

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते एका सार्वजनिक वाचनालयात आणि फिटर-टर्नर मंडळींच्या संगतीत झाले. तेव्हा समोर कोणी इंजिनियर बसले असतील तर त्यांनी माझी चूक दिसताच वहीत टिपून ठेवावी आणि शेवटी सर्वांदेखत सांगावी. मला राग येणार नाही.

जत्रेत पत्र्याची फटफट आगबोट मिळते, ती आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी घमेल्यात चालवली असेल. पोटात तेलाची वात लावायची, नळ्यांत पाणी भरायचे, की ती फटफट करीत गोल गोल फिरू लागते. गंमत अशी की त्या बोटीत फिरणारे असे काहीच नसते. पत्र्याच्या पोकळीत पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतले पाणी मागे ढकलते, थंड झाली की पुन्हा आत ओढते, आणि एवढ्यावर बोट चालते. जगातली खरी आगबोट मात्र या सोप्या मार्गाने गेली नाही. ती चाकाच्या वाटेने गेली. कारण उघड आहे. वाहत्या पाण्यावर फिरणारे पाणचक्कीचे चाक युरोपातल्या कारागिरांनी शतकानुशतके पाहिलेले होते. पाणी चाकाला फिरवते, तर चाकाने पाण्याला का ढकलू नये, असा तो उलटा विचार होता.

तो विचार ज्यांनी पाण्यात उतरवला त्यांतला एक स्कॉटलंडचा विल्यम सिमिंग्टन. १८०३ च्या मार्च महिन्यात त्याच्या 'शार्लट डंडास' या बोटीने फोर्थ-क्लाइड कालव्यातून सत्तर-सत्तर टनांचे दोन पडाव मागे बांधून साडेएकोणीस मैल ओढून नेले. समोरून वारा असा होता की कालव्यातली दुसरी कोणतीही नाव त्या दिवशी पुढे सरकली नाही. एवढे झाल्यावर सिमिंग्टनच्या दारी सोने यायला हवे होते. पण चाकाने उठणाऱ्या लाटांनी आमचे काठ ढासळतील, असे कालव्याच्या मालकांनी म्हटले आणि बोट बाजूला पडली. यंत्र नापास झाले नव्हते, काठाची माती नापास झाली होती. सिमिंग्टन १८३१ साली लंडनमध्ये दारिद्र्यात वारला. मधल्या काळात, १८०७ साली, अमेरिकेत रॉबर्ट फुल्टनने हडसन नदीवर न्यूयॉर्क ते ऑल्बनी हे दीडशे मैल बत्तीस तासांत कापून दाखवले आणि कीर्ती त्याच्याकडे गेली. त्याचे यंत्र इंग्लंडहून, बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्यातून आलेले होते. असो.

मला ज्या बोटीबद्दल सांगायचे आहे ती याहून लहान. तिचे नाव 'कॉमेट', म्हणजे धूमकेतू. १८११ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला होता, त्यावरून हे नाव पडले. तिचा मालक हेन्री बेल. क्लाइड नदीच्या मुखाशी हेलन्सबरो गावात त्याचे समुद्रस्नानाच्या सोयीचे एक हॉटेल होते, आणि तिथे ग्लासगोची गिऱ्हाइके यावीत म्हणून त्याला बोट हवी होती. पोर्ट ग्लासगोच्या जॉन वुडने लाकडी सांगाडा बांधला, जॉन रॉबर्टसनने यंत्र केले, डेव्हिड नेपिअरने बॉयलर. १८१२ च्या ऑगस्टमध्ये जाहिरात आली: पहिल्या वर्गाचे भाडे चार शिलिंग, दुसऱ्याचे तीन. युरोपात उतारूंसाठी नेमाने चाललेली ही पहिली आगबोट. बेलचे नाव तिथल्या शाळांतली मुलेही सांगतील. वुड, रॉबर्टसन आणि नेपिअर यांना मात्र जाणकार सोडून फारसे कोणी ओळखत नाही.

नेपिअरने पुढे स्वतःच या बॉयलरची हकिगत लिहून ठेवली आहे. आत नळ्या असलेला बॉयलर करण्याची सवय त्याच्या कारखान्याला नव्हती. आधी बिडाचा करून पाहिला, तो साधला नाही. मग घडीव लोखंडाचा केला, तोही सांध्यांतून गळू लागला. शेवटी घोड्याची लीद भरपूर वापरून ती गळती कशीबशी बंद झाली आणि बॉयलरात पाणी ठरू लागले. ही गोष्ट मी आमच्या फिटर मंडळींना सांगितली तेव्हा कोणीही हसले नाही. असले उपाय त्यांच्या ओळखीचेच होते.

आता प्रतिकृतीकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातला एक कारखाना बंद पडला. कामगारांची देणी राहिली, दावा लागला, आणि तारखांमागून तारखा पडू लागल्या. त्या कारखान्यातले एक जुने फिटर, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, रोज सकाळी दहाच्या ठोक्याला युनियनच्या कचेरीत येऊन बसत. काम काही नसे. चाळीस वर्षे दहाच्या आत कुठेतरी पोहोचायची सवय, तेवढीच उरली होती. एकदा मी कॉमेटचे चित्र असलेले पुस्तक चाळत होतो. तात्यांनी चष्मा लावला, चित्र जवळ ओढले आणि म्हणाले, "भाऊ, हे चुकीचे आहे."

चित्रात बोटीच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके होती, एकामागे एक. मी म्हटले, "तात्या, चित्र बरोबर आहे. तशीच होती ती." ते म्हणाले, "चित्र बरोबर असेल, बोट चुकीची आहे. पुढचे चाक पाणी मागे फेकणार. मागच्या चाकाला आधीच पळणारे पाणी मिळणार. ते कशावर जोर देणार?"

पुढची पाने उलटून पाहिली, तर खरोखरच बेलने थोड्याच काळात चाकांची एक जोडी काढून टाकलेली होती. इंग्रजीचे अक्षर न वाचता तात्यांनी जे एका मिनिटात सांगितले, ते कळायला बेलला पैसे खर्चून बोट पाण्यात उतरवावी लागली. त्या दिवशी ठरले की ही बोट आपण करायची.

प्रमाण घेतले एकास चोवीस, म्हणजे खऱ्या बोटीच्या एका फुटाला आपला अर्धा इंच. कॉमेटची लांबी सुमारे त्रेचाळीस फूट, तेव्हा आमची बोट साडेएकवीस इंच. इथपर्यंत कोणालाही जमेल. घोटाळा वजनात होतो, आणि प्रतिकृती करू पाहणारे बहुतेक जण इथेच फसतात. लांबी चोवीसपट कमी केली की रुंदी आणि उंचीही तितकीच कमी होते. म्हणून वजन चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे १३,८२४ पट कमी व्हायला हवे. समजा, खरी बोट सगळ्या सामानासह पंचवीस टनांची असेल, तर प्रतिकृती एक किलो आठशे ग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. त्यात लाकूड आले, यंत्र आले, बॉयलर, त्यातले पाणी आणि स्पिरिटचा दिवाही आला. तात्यांनी पहिला बॉयलर केला तोच किलोभर भरला. मजबूत काम करण्याची सवय अशी एकदम सुटत नाही.

वेगाचा हिशेब वेगळा आहे. तो इंग्लंडच्या विल्यम फ्रूडने घालून दिला. या गृहस्थाने १८७२ साली टॉर्की येथे लांब हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. प्रतिकृतीभोवती उठणाऱ्या लाटा खऱ्या जहाजासारख्या दिसायच्या असतील, तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. चोवीसचे वर्गमूळ सुमारे ४.९. खरी बोट ताशी पाच सागरी मैल जात असेल, तर प्रतिकृतीने सेकंदाला अर्ध्या मीटरच्या किंचित वर जावे. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हळू. पोरांच्या हौसेने आपण तिला भरधाव सोडतो, मग ती आगबोट न दिसता खेळणे दिसते.

पहिल्या चाचणीला आम्ही बोट एका जुन्या हौदात सोडली. चाकाचा व्यास साडेतीन इंच. वजन थोडे जास्त झाल्यामुळे बोट खोल बसली होती आणि चाक जवळजवळ निम्मे पाण्याखाली होते. वाफ सोडली तर चाकाने दोन-तीन फेरे घेतले, मागे पाण्याचा फवारा उडवला आणि ते थबकले. असे का व्हावे? चाक खोल बुडाले की त्याची फळी पाण्यात शिरताना आडवी आपटते, म्हणजे बोटीला पुढे न रेटता वर उचलू पाहते. बाहेर येताना तीच फळी पाणी खांद्यावर घेऊन वर चढते. मधल्या क्षणी, फळी उभी असते तेवढ्यातच, काय ते खरे काम होते. बाकीची वाफ पाणी बडवण्यात आणि उपसण्यात जाते.

मग आम्ही वजन काढले, आणि काढताना फारच काढले. आता फळ्यांची नुसती टोके पाण्याला लागत होती. यंत्र घूं घूं करीत सुसाट फिरू लागले, फेस झाला, आणि बोट जागच्या जागी. चाकाला पाणी पकडायलाच मिळेना. तिसऱ्या खेपेला, तळाशी आलेली फळी पूर्ण बुडून वर बोटाच्या अर्ध्या पेराइतके पाणी राहील अशा बेताने वजन ठेवले, तेव्हा ती निघाली. हौदाच्या काठावर उभ्या असलेल्या मुलांपेक्षा तात्यांनाच आनंद जास्त झाला, पण त्यांनी तो दाखवला नाही. तंबाखू मळली.

चाकाच्या आगबोटीचे सगळे सुखदुःख या एका गोष्टीत आहे. चाकाला पाण्याची पातळी ठरावीक लागते, आणि कोळसा ती ठरावीक राहू देत नाही. निघताना बोट कोळशाने जड, चाक बुडालेले. मुक्काम जवळ येतो तेव्हा कोळसा जळून बोट हलकी, चाक उघडे. नदीत दर काही मैलांवर कोळसा घेता येतो, तिथे हे चालून जाते. समुद्रात काय करायचे?

याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील नवरोजी जमशेटजी यांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची चाकाची आगबोट १४ ऑक्टोबर १८२९ रोजी पाण्यात उतरली. तिच्यात मॉडस्ले कारखान्याची ऐंशी-ऐंशी अश्वशक्तीची दोन यंत्रे होती. टपाल तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत न्यायचे, म्हणजे केप ऑफ गुड होपचा वळसा वाचेल, हा हेतू. पण तिच्या पोटात कोळशाची जागा होती साडेपाच दिवसांपुरती, आणि पहिला थांबा एडन, सुमारे १,६४० मैलांवर, अकरा दिवसांच्या वाटेवर! मग काय केले? जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला, उतारूंच्या खोल्यांतसुद्धा. २० मार्च १८३० रोजी कॅप्टन जॉन विल्सन ती घेऊन निघाला तेव्हा बोट वाजवीपेक्षा फार खोल बसलेली होती. आमच्या हौदातली पहिली चाचणी आठवा. ती एडनला पोहोचली तेव्हा कोळसा काही तासांपुरताच उरला होता. पुढे जेद्दा आणि कोसीर असे थांबे घेत २२ एप्रिलला सुएझ गाठले. एकूण तेहतीस दिवस, पण यंत्र चालले ते सुमारे एकवीस दिवसच. बाकीचा बहुतेक वेळ थांब्यांवर, त्यातला पुष्कळसा कोळसा चढवण्यात गेला.

ह्यू लिंडसे हे ईस्ट इंडिया कंपनीच्या एका डायरेक्टरचे नाव. बोटीवर त्याचे नाव गेले. कप्तानाचे नाव इतिहासात आहे, बांधणाऱ्या वाडियांचेही आहे. एप्रिलच्या तांबड्या समुद्रात भट्टीसमोर उभे राहून ज्यांनी तो कोळसा फावड्याने आत टाकला, त्या माणसांची नावे मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाहीत. आपल्या खलाशी भाषेत भट्टीवरच्या माणसाला आगवाला म्हणत. त्या काळी बॉयलरात समुद्राचेच पाणी वापरीत, त्यामुळे आत मिठाचा थर साचे. बोट थांबली आणि बॉयलर निवला की तो थर हातोडी-छिन्नीने खरवडून काढायचा. हे काम कोणीतरी आत शिरूनच करणार ना?

वाडिया घराण्यातलेच आर्देशीर खरशेटजी यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. १८३३ साली त्यांनी 'इंडस' नावाच्या लहान गलबतात वाफेचे यंत्र बसवले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले हिंदी सभासद झाले, आणि त्यानंतर मुंबईला कंपनीच्या यंत्रशाळेचे मुख्य म्हणून आले. गोऱ्या कारागिरांच्या वर एक हिंदी मुख्य, तोही १८५७ च्या आधी! माझ्या मते मुंबईच्या गोदीच्या इतिहासातले हे एक मोठे पान आहे, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

आता बॉयलर. प्रतिकृती करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की तेलाच्या किंवा दुधाच्या रिकाम्या डब्याला डाग देऊन बॉयलर करू नका. साध्या सोल्डरचे सांधे आत पाणी आहे तोवर टिकतात. पाणी आटले की ज्योतीच्या उष्णतेने ते वितळतात आणि उकळती वाफ तोंडावर येते. तांब्याची नळी घ्यावी, चांदीच्या झाळाने जोडावी, सेफ्टी व्हॉल्व्ह बसवावा, आणि विस्तव दाखवण्याआधी थंड पाणी पंपाने भरून, चालवायचा असेल त्याच्या दुप्पट दाबाने तपासावी. थंड पाण्याने बॉयलर फाटला तर नुसता ओला होतो, माणूस भाजत नाही.

हा शहाणपणा फुकट आलेला नाही. १८१७ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात नॉर्विच येथे उतारूंनी भरलेल्या एका चाकाच्या आगबोटीचा बॉयलर निघतानाच फुटला आणि माणसे मेली. व्हॉल्व्हवर जादा भार ठेवला होता, असे चौकशीत आले. पार्लमेंटने समिती नेमली. समितीने सांगितले की उतारूंच्या बोटीवर दोन सेफ्टी व्हॉल्व्ह असावेत आणि त्यांतला एक यंत्र चालवणाऱ्याच्या हाती लागणार नाही असा असावा. ही सूचना मी प्रथम वाचली तेव्हा मला राग आला. कामगारावर अविश्वास, असे वाटले. नंतर लक्षात आले की व्हॉल्व्ह दाबून धरायला कामगाराला स्वतःहून कधीच हौस नसते, त्याला कोणीतरी घाई लावलेली असते. दुसरा व्हॉल्व्ह कुलपात असला की "माझ्या हातात नाही, साहेब" असे त्याला सांगता येते. तो व्हॉल्व्ह त्याच्या बाजूचाच होता. १८६५ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीवर 'सुल्ताना' फुटली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. तिच्या बॉयलरला थोड्याच दिवसांपूर्वी घाईने ठिगळ लावलेले होते.

चाकावरचा उपाय शोधणारेही होते. १८२९ साली गॅलोवे नावाच्या इंग्रजाने असे चाक काढले की त्याच्या फळ्या बिजागरीवर हलतात आणि पाण्यात असेपर्यंत जवळजवळ उभ्या राहतात. आमच्या बोटीला तसे चाक करावे असे मी सुचवले. तात्या म्हणाले, "आठ फळ्या, आठ बिजागऱ्या, आठ दांडे, आणि दोन चाके. भाऊ, दाव्याचा निकाल लागेपर्यंत होईल." पण खवळलेल्या समुद्रात बोट कलली की एक चाक हवेत आणि दुसरे खोल, याला त्या फळ्यांपाशीही उत्तर नव्हते. ते मळसूत्री पंख्याने दिले. ३ एप्रिल १८४५ रोजी ब्रिटिश आरमाराने 'रॅटलर' ही पंख्याची आणि 'अलेक्टो' ही चाकाची अशा दोन बोटी शेपटीला शेपटी बांधून विरुद्ध दिशांना ओढायला लावल्या. रॅटलरने अलेक्टोला, तिची चाके पूर्ण जोराने फिरत असताना, उलटे ओढत नेले. रस्सीखेच पाहायला आलेल्यांना आणखी काही सांगावे लागले नाही. नद्यांवर मात्र चाक टिकले. क्लाइडवरच 'वेव्हर्ली' ही १९४६ साली पाण्यात उतरलेली चाकाची आगबोट अजून उतारू नेते.

आमच्या बोटीचे यंत्र कॉमेटसारखे नाही, हे कबूल केले पाहिजे. आम्ही डोलत्या सिलिंडरचे केले, कारण त्याला वेगळी झडप लागत नाही. सिलिंडर खिळीवर डोलतो. एका कुशीला गेला की त्याचे भोक वाफेच्या भोकासमोर येते, दुसऱ्या कुशीला गेला की वाफ बाहेर जाण्याच्या भोकासमोर. हे पोराटकी काम आहे असे मला वाटे. पण लंडनच्या जॉन पेनने याच तत्त्वावर मोठ्या आगबोटींची यंत्रे केली. जर्मनीत ड्रेस्डेन येथे 'दीसबार' नावाच्या चाकाच्या बोटीत १८४१ साली पेनने केलेले असे एक यंत्र आहे, आणि ते नुसते शोभेला ठेवलेले नसून चालते. तात्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "तेल कोण घालतो?"

बोट आज बरोबर आणली आहे. बाहेरच्या ओट्यावर पत्र्याचा हौद भरून ठेवला आहे, आणि रेतीच्या अकरा लहान पिशव्या आहेत, मुंबई ते एडनच्या एका-एका दिवसाची एक. मुलांनी आधी अकराही पिशव्या भरून बोट सोडावी आणि मग फेरीगणिक एक-एक काढीत जावी. चाक कुठल्या पिशवीला नीट पाणी पकडते आणि कुठल्या पिशवीला सोडते, ते मोजून मला सांगावे. आमचा आकडा मी मुद्दाम सांगत नाही. तात्या हौदापाशी बसलेले आहेत. दिव्याला मात्र त्यांच्याखेरीज कोणी हात लावू नये.